मध्यंतरानंतरचा सुदाम चरडे

सुदाम चरडे सामन्याच्या पहिल्या मिनिटापासून खेळला की त्याच्या हातून गुण होत नसत. मध्यंतरानंतर मैदानात उतरला की संघात सर्वांत जास्त गुण त्याचेच असत. मैदान तेच, चेंडू तोच, कड्यांची उंची तीच.

१९७० सालचा हिवाळा होता. नागपुरातल्या एका कापड गिरणीच्या बास्केटबॉल संघात सुदाम गार्ड म्हणून खेळे. चेंडू पुढे आणणे, तो मोकळ्या सोबत्याला देणे आणि संधी मिळताच लांबून कडीत टाकणे हे गार्डचे काम. गिरणीने त्याला खेळाडू म्हणूनच घेतले होते. कागदोपत्री तो कापडाच्या गोदामात गठ्ठे मोजणारा हंगामी कामगार होता. दुपार कलली की मैदानावर असे. गिरणीचे कामगार अधिकारी गणपतराव ठवरे हेच संघाचे प्रमुख, आणि त्यांचा नियम साधा होता: शहरातली साखळी स्पर्धा संपेपर्यंत जो पहिल्या पाचात स्थिरावेल तो कायम होईल, बाकीच्यांनी आपापले गाव गाठावे.

सुदामचे गाव काटोलच्या बाजूला. घरची संत्र्यांची बाग होती, पण त्या बागेत त्याला जागा नव्हती. तोडणीला लावले की हा पिकलेल्या संत्र्यांबरोबर कच्चीही तोडून टोपलीत टाकी. वडील रुपराव यांनी आधी रागावून पाहिले, मग मारून पाहिले आणि शेवटी, काम टाळण्यासाठी पोरगा मुद्दाम असे करतो, या निष्कर्षावर येऊन त्याला शिकायला नागपूरला धाडून दिले. शिक्षण बेताचेच झाले. उंचीही बेताचीच. हात मात्र असा की गिरणीच्या सरावात तो नजर लावून चेंडू टाकू लागला की इतर खेळाडू आपापला चेंडू काखेत धरून पाहत उभे राहत.

मार्तंडराव वझलवार या संघाचे प्रशिक्षक होते. पगार त्यांना रंगखात्याचे रसायनज्ञ म्हणून मिळे, प्रशिक्षकपण हौसेचे. कारण कळल्याखेरीज कोणतीही गोष्ट 'घडते' असे म्हणायला ते नाखूश असत. रंगखात्यात त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी लावली होती: 'कापडाची छटा उत्तरेच्या खिडकीपाशीच पाहावी. दिव्याखाली पाहू नये.' दिव्याच्या उजेडात कापडाचा रंग बदलतो आणि दुसऱ्या दिवशी व्यापारी थान परत आणून आपटतो, हे त्यांनी उमेदवारीच्या काळातच अनुभवले होते. पाटीकडे दुर्लक्ष करणाऱ्याची ते गय करीत नसत.

साखळीतला चौथा सामना हरल्यावर गणपतरावांनी त्यांना कचेरीत बोलावले.

"त्या चरड्याले पहिल्या पाचात ठेवा, नाहीतर सोडून द्या," गणपतराव म्हणाले. "बाकावर बसवून ठेवायले गिरणी पगार देत नाही, वझलवार."

"बाकावरून उठून त्याने दोन सामने जिंकून दिले आहेत."

"अर्धा सामना खेळते तो. अर्धाच कायम करू का त्याले? पोरगं भित्रं आहे. खेड्यातलं आहे. लोक पाहून हातपाय गळतात त्याचे."

"लोक मध्यंतरानंतरच जास्त असतात. पाचाचा भोंगा झाला की सगळी दिवसपाळी कुंपणाला येऊन लटकते. भित्रा असता तर तो नेमका तेव्हाच बिघडायला हवा होता."

गणपतरावांनी यावर थोडा विचार केला. विचार केल्याचे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले, पण मत बदलल्याचे दिसले नाही.

"साखळी संपेपर्यंत वेळ आहे तुमच्याजवळ," ते म्हणाले. "मंग मी कागद पाठवून मोकळा होतो."

खेळाडूंजवळ या कोड्याची उत्तरे तयार होती. कर्णधार विश्वनाथ म्हणे, सारा गुण मध्यंतरातल्या चहाचा. फाटकाबाहेरच्या टपरीवरून येणारा तो चहा इतका उकळलेला असे की तो प्यायल्यावर कोणीही धावला असता. दुसऱ्या एकाच्या मते बाकाच्या डाव्या टोकाला बसण्यात लाभ होता. आणखी एक समजूत संघात फार जुनी होती: एकदा मैदानाबाहेर काढलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा उतरवायचा नाही, त्याने हार ठरलेली. ही समजूत मार्तंडरावांनी चालू दिली होती, कारण तिच्यामुळे काही नुकसान होते असे त्यांना दिसले नव्हते. ते त्यांना पुढे दिसले. आरंभी उतरलेला सुदाम पहिल्या दहा मिनिटांतच बाहेर येई आणि या प्रथेमुळे पुन्हा आत जातच नसे. 'आरंभापासून खेळणारा' सुदाम मध्यंतरानंतर कसा खेळतो, हे त्यामुळे कोणी पाहिलेलेच नव्हते.

आरंभी तो कसा खेळे ते सर्वांनी पाहिले होते. चेंडू हाती आला की तो क्षणभर थांबे, मान वळवून समोरच्याकडे निरखून बघे, आणि तेवढ्यात कोणीतरी चेंडू हिसकावून नेई. टाकायला हात उचलला तरी आपल्यावर धावून येणारा सोबती आहे की शत्रू, हे पाहण्यात संधी निघून जाई. कधी तो सरळ प्रतिस्पर्ध्याच्याच हाती चेंडू देई.

"काहून गा सुदाम," विश्वनाथ चिडून विचारी, "पास देण्याआधी पत्रिका जुळवून पाहतोस का?"

"चेहरा पाहून देतो न," सुदाम म्हणे. "चुकीच्याले नको जायले म्हणून."

"तरी त्यालेच देतोस!"

यावर बाकी सगळे हसत आणि सुदामही थोडा हसे. त्याच्या या उत्तरात काही शोधण्यासारखे आहे असे कोणालाच वाटले नाही. मार्तंडरावांनाही नाही.

त्यांनी एकेक शक्यता तपासायला घेतली. पहिल्यांदा चहा बंद केला. संघ कुरकुरला, सुदामने नेहमीसारखे गुण केले. मग त्याला बाकाच्या उजव्या टोकाला बसवले. काही फरक पडला नाही. मग त्यांच्या मनात आले, बाकावर बसून तो समोरच्या संघाचा खेळ वाचत असेल. कोण दमला, कोण कोणत्या बाजूने फसतो हे हेरत असेल. पुढच्या सामन्यात पूर्वार्धभर त्यांनी त्याला मैदानाकडे पाठ करून, गिरणीच्या चिमणीकडे तोंड करून बसायला लावले. कुंपणावरच्या कामगारांनी त्याचा यथेच्छ समाचार घेतला.

"ए चरडे, कोणत्या गुन्ह्याची शिक्षा भोगून राहिला बे?"

"चिमणी मोजून राहिलो," सुदामने मागे न बघता उत्तर दिले. "एकच आहे."

त्या दिवशी त्याचे गुण थोडे घटले, पण थोडेच. म्हणजे बाकावरून पाहण्याचा त्याला उपयोग होत होता. मात्र सगळे श्रेय त्या पाहण्याला देता येत नव्हते.

निर्णायक पुरावा मार्तंडरावांच्या योजनेबाहेरून आला. एका सामन्याचे पंच वर्धेहून यायचे होते आणि त्यांची गाडी रखडली. पावणेपाचचा सामना सुरू व्हायला सव्वासहा झाले. मैदानाच्या चारी कोपऱ्यांवरचे पाऱ्याचे, म्हणजे मर्क्युरीचे, दिवे तोवर पूर्ण पेटले होते. नेहमीचा गार्ड तापाने पडलेला, म्हणून सुदाम आरंभापासून उतरला. मार्तंडराव बदली खेळाडूला तयार ठेवून उभे होते. त्याची गरज पडली नाही. सुदामने पहिल्या मिनिटातच डावीकडे न बघता डावीकडच्या सोबत्याला पास दिला, परत घेतला आणि कडीत टाकला. शिटी वाजेपर्यंत तो थांबला नाही.

घरी जाताना मार्तंडरावांनी सायकल हातात धरून चालत जाणे पसंत केले. आरंभ आणि मध्यंतर यांचा प्रश्नच नव्हता. डिसेंबरात साडेपाचला सूर्य मावळे आणि मध्यंतरात दिवे लागत. गेले दोन महिने सगळे ज्याला पूर्वार्ध आणि उत्तरार्ध म्हणत होते ते खरे म्हणजे दिवस आणि दिवा होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुदामला ओळखीच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ त्याने न अडखळता वाचली आणि तक्ता छापणाऱ्याचे नावही वाचून दाखवले. उन्हाने डोळे दिपतात का? नाही. डोके दुखते का? नाही.

"दुपारच्या सरावात तर तू बरा खेळतोस," मार्तंडराव म्हणाले. "तोही दिवसाचाच उजेड असतो."

"हो जी. सरावात मजा येते."

याचे उत्तर मार्तंडरावांपाशी नव्हते, आणि उत्तर नसलेली गोष्ट त्यांना जेवताना टोचत असे.

त्या रविवारी सुदाम त्यांच्या घरी आला. गावाहून येताना त्याने संत्र्यांची टोपली आणली होती. ती ओसरीवर ठेवून, पाणी पिऊन तो गेला. मार्तंडरावांच्या पत्नी सुमती यांनी टोपलीवरचा पाला काढला.

"अहो, हा संत्र्यांच्या बागेतला मुलगा ना?"

"हो. का?"

"मग याला संत्रे कळत नाही का? अर्धी टोपली कच्ची आहे. थोडी हिरवी असतात तशी नाही, पार लिंबासारखी हिरवी. बाजारात मला कोणी अशी दिली असती तर मी त्याला चार शब्द ऐकवले असते."

मार्तंडरावांनी टोपली जवळ ओढली. संत्री एकसारख्या आकाराची, निवडून घेतलेली, डाग नसलेली होती. निवडणाऱ्याने काळजी घेतली होती, यात शंका नव्हती. एका बाजूला पिवळे-केशरी फळ आणि त्याला चिकटून कडक हिरवे, असे थर नीट लावलेले होते. सुमतीला काही न सांगता त्यांनी दोन संत्री खिशात घातली.

सोमवारी सकाळी त्यांनी सुदामला रंगखात्यात बोलावले. उत्तरेच्या खिडकीपाशी टेबलावर रंगवलेल्या सुताच्या लहान लडी मांडलेल्या होत्या: लाल, हिरव्या, तपकिरी, निळ्या, पिवळ्या.

"एकसारख्या लडींचे वेगवेगळे ढीग कर," ते म्हणाले. "घाई नाही."

सुदामने निळ्या काढल्या. पिवळ्या काढल्या. उरलेल्या लालसर, तपकिरी आणि शेवाळी हिरव्या लडींचा त्याने एकच ढीग केला, आणि तो नीट दिसावा म्हणून वरून थोडा चापून घेतला.

मार्तंडरावांनी सर्व लडी उचलल्या आणि त्याला मागच्या खोलीत नेले. तिथे खिडकी नव्हती. वर एकच पाऱ्याचा दिवा होता, मैदानावर होता त्याच जातीचा. या खोलीत छटा पाहणाऱ्याला ते दंड करीत.

"आता पुन्हा कर."

या वेळी सुदामने तो मोठा ढीग भराभर दोन भागांत वाटला. हिरव्या लडी एका बाजूला, लाल दुसऱ्या बाजूला. तपकिरी एक-दोन इकडेतिकडे झाल्या, एवढेच.

"हे कसे कळले तुला?"

"हे काळे हायेत अन् हे उजळ हायेत," सुदाम म्हणाला. "मैदानावर जसं दिसते तसंच. दिवे लागले की एक संघ काळा दिसते, एक पांढरट. मंग चेहरा पाह्याले लागत नाही."

"आणि दिवे लागायच्या आधी?"

"आधी तर सारे सारखेच ना जी." मग मार्तंडरावांच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने विचारले, "साऱ्याइले तसंच दिसते ना?"

शहरातल्या बहुतेक संघांना स्वतःच्या क्रमांकाच्या जर्स्या परवडत नसत. म्हणून साखळी भरवणारी संघटना बिनबाह्यांच्या जर्स्यांचे दोनच संच ठेवी, एक लाल आणि एक हिरवा. प्रत्येक सामन्याआधी ते वाटायचे आणि सामना संपल्यावर घामासकट परत घ्यायचे. धुऊन धुऊन लाल विटकरी झाला होता आणि हिरवा शेवाळी. गिरणीच्या सरावात असला थाट नव्हता. तिथे अर्धे खेळाडू पांढऱ्या बनियनवर खेळत आणि अर्धे उघडे. सराव सुदामला का जमे, याचे उत्तर मार्तंडरावांना मिळाले. संत्री खिशातच राहिली होती. ती त्यांनी बाहेर काढली नाहीत.

त्यांनी दोन्ही संच एका दिवसासाठी मागून आणले आणि गणपतरावांना मैदानावर बोलावले. उन्हात लाल-हिरव्या जर्स्यांवर खेळ झाला. सुदामने तीन वेळा चुकीच्या माणसाला चेंडू दिला. मग हिरव्या जर्स्या काढून त्या पाच जणांना बनियनवर खेळवले. तोच सुदाम, तेच ऊन, आणि विश्वनाथला त्याच्यामागे धावताना दम लागला.

"आता दिवे लावा," गणपतराव म्हणाले.

"आधी अंधार पडू द्यावा लागेल."

अंधार पडेपर्यंत सर्वांनी टपरीचा चहा घेतला. दिवे लागले; आधी जांभळट, मंद, आणि काही मिनिटांनी निळसर पांढऱ्या झगझगाटावर आले. हिरव्या जर्स्या पुन्हा अंगावर चढल्या होत्या. गणपतराव कुंपणापाशी गेले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहू लागले.

"अरे, हा लाल कुठं गेला? हा तर काळा दिसून राहिला."

"दिवे बसवले तेव्हापासून, दोन वर्षे असाच दिसतो," मार्तंडराव म्हणाले. "आपल्याला गरज नव्हती म्हणून आपण पाहिले नाही. मीही पाहिले नाही, आणि माझा तर तो धंदा आहे."

गणपतरावांनी सुदामचा खेळ पाहिला. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे डोळ्यातच खोट आहे. असा माणूस कायम करू म्हणता?"

हा प्रश्न येणार हे मार्तंडरावांनी गृहीत धरले होते. सुदाम ऐकू येईल इतक्या अंतरावर उभा होता आणि चेंडूवरची माती तळहाताने पुसत होता. माती केव्हाच निघून गेली होती.

"रंगखात्यात मी त्याला एक दिवसही घेणार नाही," मार्तंडराव म्हणाले. "गोदामात गठ्ठे मोजायला रंग लागत नाही. राहिला संघ. अर्ध्या सामन्यापुरता तो या शहरातला सर्वांत चांगला गार्ड आहे. कोणता अर्धा, हे इतके दिवस माहीत नव्हते. आता आहे."

"दुसरा संच मागून पाहा. पांढरा."

तो त्यांनी मागितला होता. ठरलेल्या संचांखेरीज दुसऱ्या जर्स्या यंदा चालणार नाहीत, पांढऱ्याचे पुढच्या वर्षी पाहू, असे संघटनेचे म्हणणे पडले, आणि अंतिम सामन्यातल्या प्रतिस्पर्ध्यांनी बनियनवर खेळायला नकार दिला. तो नकार वाजवीच होता. क्रमांकाशिवाय पंच फाउल कोणाच्या नावावर मांडणार?

अंतिम सामन्यात म्हणून सुदाम बाकावर बसला. या वेळी तोंड मैदानाकडे करून. पूर्वार्धात तो समोरच्या गार्डवर नजर ठेवून होता आणि मध्यंतरात विश्वनाथला म्हणाला, "त्याचा उजवा पाय जड झाला. मी उजवीकडूनच जातो." मध्यंतर संपले तरी मार्तंडरावांनी त्याला लगेच उतरवले नाही. दिव्यांचा जांभळा रंग जाईपर्यंत थांबवून ठेवले. विश्वनाथ मैदानातून हातवारे करीत होता, कुंपण ओरडत होते, संघ सात गुणांनी मागे होता. प्रकाश पांढरा झाल्यावर मार्तंडराव म्हणाले, "जा."

गिरणीने तो सामना तीन गुणांनी जिंकला. गणपतरावांनी आपल्या नियमातले 'पहिल्या पाचात' हे शब्द काढून तिथे 'संघात ज्याची जागा ठरलेली आहे' असे केले, आणि पुढल्या आठवड्यात सुदाम कायम झाला. त्याची जागा ठरली होती: बाकाचे कोणतेही टोक, दिवे पूर्ण पेटेपर्यंत.

त्याने मार्तंडरावांकडे एकच गोष्ट मागितली. "साहेब, हे माह्या बाबाले सांगान का? माह्यावर त्याइचा भरोसा नाही."

रुपराव माल घेऊन संत्रा मार्केटमध्ये आले होते. मार्तंडराव सुदामला घेऊन तिथे गेले तेव्हा पहाटेच्या लिलावानंतर रिकाम्या पेटाऱ्यावर बसून ते बिडी ओढत होते.

"पोरगं कायम झालं म्हणते," ते म्हणाले. "बाकावर बसल्यानंही कायम होते का जी माणूस?"

मार्तंडरावांनी जवळच्या ढिगातून एक पिकले आणि एक कच्चे संत्रे उचलून त्यांच्या हातात दिले आणि सांगायचे ते थोडक्यात सांगितले. रुपराव ती दोन फळे उलटीपालटी करून पाहत राहिले. बिडी विझून गेली.

"हे अन् हे? याले एकच दिसते?"

"जवळजवळ एकच."

"मंग हा मुद्दाम तोडत नव्हता." रुपराव सुदामकडे वळले. "म्या तुले काडीनं मारलं होतं गा."

"जाऊ द्या न बाबा," सुदाम म्हणाला. "मलेबी कुठं माहीत होतं."

माहीत कोणालाच नव्हते. कारण असे होते: सुदामला जन्मापासून लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नव्हते. दिवसाच्या उजेडात दोन्ही संघांच्या जर्स्या त्याला एकाच रंगाच्या दिसत. पाऱ्याच्या दिव्याच्या प्रकाशात तांबडे किरण जवळजवळ नसतात. त्यामुळे दिवे पेटल्यावर लाल कापड काळे पडे, हिरवे उजळ राही, आणि आपला माणूस त्याला चेहरा न पाहता कळे.